ठेल्यावरच्या चवीचा न्याय

पदार्थ चांगला की वाईट हे ठरवण्याचा अधिकार खाणाऱ्याचाच, हे तत्त्व इतके स्वयंसिद्ध वाटते की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. रस्त्यावरच्या ठेल्याच्या बाबतीत तर ते अधिकच खरे मानले जाते, कारण तिथे व्यावसायिक समीक्षक क्वचितच फिरकतात आणि पैसे मोजून उभ्याउभ्या खाणारा माणूस हाच पहिला व अखेरचा परीक्षक ठरतो. मात्र गेल्या दोन दशकांत या परीक्षकाचे मत केवळ तोंडी राहिलेले नाही. ते एक ते पाच ताऱ्यांमध्ये मोजले जाऊ लागले, त्या ताऱ्यांची सरासरी काढली जाऊ लागली आणि विक्रेत्याची मिळकत काही अंशी त्या सरासरीवर अवलंबून राहू लागली. या सरासरीत ज्या अनेक गोष्टी एकत्र होतात त्यांतल्या थोड्याच ठेलेवाल्याच्या हातात असतात. उरलेल्या नगरपालिकेच्या, अन्ननिरीक्षकाच्या किंवा खाणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीच्या असतात, आणि तरीही त्या सर्वांचा जाब एकट्या ठेलेवाल्याला द्यावा लागतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते तपासण्यासाठी चीनमधील शांघाय शहर आणि तिथला शंगजियान हा पदार्थ विशेष उपयोगी पडतो. कारण या पदार्थाने कसे असावे याविषयीचा वाद त्या शहरात जुना आहे, आणि गिऱ्हाइकांची मते पद्धतशीर गोळा करणारी चीनमधील प्रमुख व्यवस्थाही त्याच शहरात उभी राहिली.

शंगजियान म्हणजे डुकराच्या खिम्याचे सारण भरलेला, तव्यावर एकाच वेळी तळला आणि वाफवला जाणारा डंपलिंग. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांघायच्या चहाघरांत चहाबरोबरचे खाणे म्हणून तो रुळला आणि तिथून न्याहारीच्या दुकानांत व रस्त्यावर उतरला. त्याची कृती वरवर साधी दिसते. काठ असलेल्या जड, पसरट लोखंडी तव्यावर तेल सोडून कच्चे डंपलिंग एकमेकांना चिकटतील इतके जवळजवळ मांडले जातात. तळ किंचित रंगू लागला की त्यावर पाणी ओतून जाड लाकडी झाकण घातले जाते, आणि झाकणाखाली वाफेवर पारी व सारण शिजत असताना कारागीर तवा आचेवर सतत गोल फिरवत राहतो, कारण भट्टीची आच सगळीकडे सारखी नसते. पाणी आटून तव्यातला खळखळाट बदलला, म्हणजे उकळण्याच्या आवाजाच्या जागी तळण्याचा आवाज येऊ लागला, की झाकण काढून वर तीळ आणि चिरलेली कांद्याची पात भुरभुरली जाते. खालून खरपूस आणि वरून मऊ, अशा दोन विरुद्ध गुणांचा मेळ एकाच पदार्थात साधणे हे या कारागिरीचे सार आहे.

हा मेळ किती थोडा वेळ टिकतो हे समजून घेतल्याशिवाय शंगजियानविषयीच्या कोणत्याही मताचे मोल ठरवता येत नाही. तव्यात पाणी असेपर्यंत तळाचे तापमान 100 अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही. ते संपल्यावरच तापमान चढते आणि साधारण 140 अंशांच्या पुढे पिठातील शर्करा व प्रथिने यांच्यात ती अभिक्रिया वेगाने होऊ लागते, जिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेलार याच्या नावावरून मेलार अभिक्रिया म्हणतात आणि जिच्यामुळे पाव, भाजलेले मांस किंवा भाकरी यांना तपकिरी रंग व खमंग वास येतो. म्हणजे खरपूसपणा हा अगदी शेवटच्या काही क्षणांत तयार होतो. तवा उतरल्याबरोबर उलटी प्रक्रियाही सुरू होते. सारणातला व पारीतला ओलावा कोरड्या तळाकडे सरकतो आणि काही मिनिटांत तो तळ आधी चिवट आणि मग मऊ पडतो. याखेरीज सारणात अनेकदा डुकराच्या कातडीपासून शिजवून थिजवलेला रस मिसळलेला असतो, जो उष्णतेने वितळून डंपलिंगच्या पोटात पातळ रस्सा होतो आणि गार झाल्यावर पुन्हा दाट होत जातो. म्हणून एकाच ठेल्यावर, एकाच कारागिराच्या हातचा, एकाच घाण्यातला पदार्थ तवा उतरताक्षणी खाणाऱ्याला आणि पुडक्यात बांधून अर्ध्या तासाने खाणाऱ्याला सारखा लागणे शक्यच नाही. पहिला त्याला उत्तम म्हणेल, दुसरा तेलकट आणि वातड म्हणेल, आणि दोघेही खरे बोलत असतील. त्यांच्या मतांतला फरक कारागिरीचा नसून वेळेचा आहे, पण दोघांच्या ताऱ्यांची बेरीज होते तेव्हा हा वेळ कुठेच नोंदला जात नाही.

याहून मूलगामी अडचण परंपरेची आहे. शांघायमध्ये शंगजियानचे दोन संप्रदाय मानले जातात. एका संप्रदायात पीठ पूर्ण आंबवलेले असते, पारी जाड व पावासारखी मऊ असते, सारणात थिजवलेला रस मिसळत नाहीत आणि त्यामुळे आत रस्सा जवळपास नसतो. मांसाचा अंगचा रस पिठात मुरतो आणि तेच त्याचे वैशिष्ट्य समजले जाते. 1932 साली स्थापन झालेले ‘दा हू चुन’ हे दुकान या संप्रदायाचे प्रतिनिधी मानले जाते. दुसऱ्या संप्रदायात पीठ कमी आंबवलेले किंवा न आंबवलेले, पारी पातळ आणि पोटात भरपूर रस्सा असतो, इतका की खाणाऱ्याने आधी लहानसा घास घेऊन पारीला भोक पाडावे, तिथून रस्सा ओढून घ्यावा आणि मगच पुढे खावे, अशी रीत आहे. ती न पाळणाऱ्याची जीभ पोळते आणि शेजाऱ्याच्या सदऱ्यावर रस्सा उडतो. 1994 साली वुजियांग रस्त्यावरच्या एका लहान दुकानातून सुरू झालेल्या ‘श्याओ यांग’ या व्यवसायाने ही दुसरी शैली इतकी लोकप्रिय केली की आज त्याच्या शंभरावर शाखा आहेत, आणि शांघायबाहेरच्या पुष्कळ लोकांची शंगजियानची कल्पनाच या शैलीवर बेतलेली असते.

आता या दोन संप्रदायांची गिऱ्हाइके परस्परांच्या दुकानात जातात तेव्हा काय होते ते पाहावे. रस्सेदार शंगजियानवर वाढलेल्या तरुणाला ‘दा हू चुन’चा डंपलिंग कोरडा, पिठाळ आणि सारणात कंजूष वाटतो. जुन्या चहाघरांची चव जिभेवर असलेल्या म्हाताऱ्या शांघायकराला पातळ पारीचा रस्सेदार प्रकार म्हणजे शंगजियानच नव्हे असे वाटते. त्याच्या मते रश्शाने पिठाची खुमारी बुडते. उत्तर चीनमधून आलेला माणूस दोन्हीकडे एकच तक्रार करतो, की सारण गोड आहे, कारण शांघायच्या स्वयंपाकात मांसाबरोबर साखर घालण्याची जी पद्धत आहे ती त्याच्या घरी नाही. या तक्रारींपैकी एकीनेही कारागिराची चूक दाखवलेली नाही. प्रत्येकीने, एका परंपरेच्या मोजपट्टीने दुसऱ्या परंपरेचे माप घेतले आहे. समजा, एका ठेल्याला निम्म्या गिऱ्हाइकांनी पाच तारे दिले आणि निम्म्यांनी तीन, तर सरासरी चार येईल. पण चार तारे देणारा एकही माणूस त्या ठेल्यावर आलेला नसेल. जिथे मतांचे दोन स्वतंत्र पुंजके असतात तिथे सरासरी ही दोन्ही पुंजक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवते, आणि वाचकाला वाटते की तिथे एक मध्यम प्रतीचा पदार्थ मिळतो. वस्तुतः तिथे एका जातीच्या खाणाऱ्यासाठी अत्युत्तम पदार्थ मिळत असतो. जी माहिती वाचकाला खरोखर हवी होती, म्हणजे आपण कोणत्या पुंजक्यातले आहोत आणि हा ठेला कोणत्या पुंजक्याचा आहे, तीच या अंकगणितात नाहीशी होते.

गिऱ्हाइकांच्या मतांची नोंद ठेवणारी ‘द्यानपिंग’ ही व्यवस्था शांघायमध्ये 2003 साली सुरू झाली आणि 2015 साली ‘मेईत्वान’ या कंपनीत विलीन झाली. तिने सुरुवातीपासून चव, वातावरण आणि सेवा अशा तीन सदरांत गुण मागितले. एकाच अंकापेक्षा हे निश्चितच अधिक विवेकी होते, आणि या व्यवस्थेच्या जनकांना त्याचे श्रेय दिले पाहिजे. पण हीच सदरे ठेल्याला लावली की त्यांचा अर्थ बदलतो. हॉटेलचा मालक दिवे, खुर्च्या, भिंतींचा रंग, संगीत यांवर खर्च करतो, म्हणून वातावरण हा त्याने विकलेल्या वस्तूचा भाग असतो आणि त्याचे गुण त्याला मिळणे रास्त असते. ठेल्याचे वातावरण म्हणजे रस्ता. फुटपाथ अरुंद असणे, गटार उघडे असणे, जवळ हात धुवायला नळ नसणे, बसायला जागा नसणे, गर्दीत धक्के बसणे, या सर्व गोष्टी शहर कसे बांधले आणि कसे चालवले जाते यांतून उद्भवतात. त्या वाईट असतील तर गिऱ्हाइकाला त्रास होतो हे खरेच आहे. पण त्या त्रासाची तक्रार ज्याच्याकडे जायला हवी त्याच्या खात्यात ती जमा होत नाही. कोणत्याही शहराच्या महापालिकेला ठेल्यांच्या गिऱ्हाइकांकडून तारे मिळत नाहीत. सेवेच्या सदराचेही तसेच आहे. ज्या ठेल्यावर एक माणूस पारी लाटतो, एक तवा सांभाळतो आणि एक पैसे घेतो, तिथे समोर वीस माणसांची रांग असताना तुटक बोलणे हा उद्धटपणा नसून कामाचा वेग असतो. आणि तो वेग नसेल तर घाणा गार होतो, ज्याचा दोष पुन्हा चवीच्या सदरात लागतो.

वुजियांग रस्त्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. खाण्याच्या दुकानांनी व ठेल्यांनी गजबजलेल्या या गल्लीचा मोठा भाग 2010 च्या जागतिक प्रदर्शनाआधीच्या पुनर्रचनेत पाडला गेला आणि तिथे रुंद, स्वच्छ, पायी चालण्याजोगा व्यापारी रस्ता झाला. ज्यांची ऐपत होती ते विक्रेते नव्या इमारतींत गेले, ज्यांची नव्हती ते हटले. वातावरणाचे गुण अर्थातच वाढले. पण ते वाढवण्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न गुणांच्या रकान्यात विचारता येत नाही. जाताजाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: शांघायच्या दुकानांत शंगजियान आजही ‘ल्यांग’वर मागतात, एक ल्यांग म्हणजे चार नग, आणि ते 50 ग्रॅमचे वजन डंपलिंगचे नसून त्याला लागणाऱ्या पिठाचे आहे. चीनमध्ये 1955 ते 1993 या काळात धान्याच्या शिधापत्रिका चालत, त्या काळात बाहेर खातानाही पिठाचा हिशेब द्यावा लागे, आणि शिधापत्रिका गेल्या तरी ते माप भाषेत राहिले. ज्या पदार्थाच्या मागणीतच अख्ख्या समाजाची टंचाईची स्मृती साठली आहे, त्याच्याविषयीचे मत पाच ताऱ्यांत मावेल अशी अपेक्षा करणे हे त्या पदार्थावर अन्याय करणारे आहे.

स्वच्छतेचा प्रश्न वेगळा काढला पाहिजे, कारण रस्त्यावरच्या खाण्याविषयीच्या मतांत तो सर्वांत जास्त वेळा येतो आणि सर्वांत कमी आधारावर सोडवला जातो. अर्थशास्त्रात वस्तूंच्या गुणांची एक त्रिविध विभागणी रूढ आहे. काही गुण घेण्यापूर्वीच पाहून कळतात, जसे नगाचा आकार. काही वापरल्यावर कळतात, जसे चव. आणि काही वापरल्यानंतरही सामान्य गिऱ्हाइकाला कळत नाहीत, त्याला केवळ विश्वास ठेवावा लागतो. पहिल्या दोन प्रकारांची मांडणी फिलिप नेल्सन यांनी 1970 साली केली आणि तिसऱ्याची मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी 1973 साली. तेल कितीदा तापवलेले आहे, मांस रात्रभर कोणत्या तापमानाला ठेवले होते, पाणी कुठले आहे, हे तिसऱ्या प्रकारचे गुण आहेत. खाल्ल्यानंतर दोन दिवसांनी पोट बिघडले तरी ते कशाने बिघडले हे खाणाऱ्याला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून या गुणांची परीक्षा प्रशिक्षित निरीक्षकाने करावी आणि तिचा निकाल सर्वांना दिसेल असा लावावा, हाच मार्ग आहे. शांघायमध्ये खाद्यगृहांच्या दर्शनी भागात निरीक्षणाचा निकाल हसऱ्या, साध्या किंवा रडक्या चेहऱ्याच्या चित्राने लावण्याची पद्धत आहे, आणि अक्षरे न वाचता येणाऱ्यालाही ती समजते. गिऱ्हाइकाने मळका पदर पाहून, कळकट भिंत पाहून स्वच्छतेला गुण देणे म्हणजे तिसऱ्या प्रकारच्या गुणाचा निवाडा पहिल्या प्रकारच्या पुराव्यावर करणे होय. चकचकीत दुकानात शिळे मांस आणि काळवंडलेल्या ठेल्यावर ताजे मांस असू शकते, आणि रस्त्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घाणा निघतो ही ठेल्याची जमेची बाजू ताऱ्यांत क्वचितच धरली जाते.

या प्रतिपादनावर एक वजनदार आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली दाखवून दिले की विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. परक्या शहरात आलेल्या, भाषा न जाणणाऱ्या माणसासाठी इतरांची लिखित मते हाच या अज्ञानावरचा उपाय असतो, आणि त्यांच्यामुळे आडगल्लीतल्या, जाहिरातीची ऐपत नसलेल्या कारागिराकडेही गिऱ्हाईक पोहोचते. हे खरे आहे. मायकेल लुका यांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या आकडेवारीवरून 2011 साली असा निष्कर्ष काढला की ताऱ्यांच्या सरासरीत एका ताऱ्याची वाढ झाली की खाद्यगृहाचे उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढते, आणि हा परिणाम स्वतंत्र मालकीच्या खाद्यगृहांवर होतो, मोठ्या साखळ्यांवर नाही. पण या निष्कर्षाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. साखळीला तिचे नाव सांभाळते. एकट्या कारागिराला सांभाळायला काहीच नसते, म्हणून चुकीच्या मताचा फटकाही त्यालाच पूर्ण बसतो. शिवाय मते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांच्या टिप्पण्यांना यदृच्छेने एक अनुकूल मत आधीच जोडले होते, आणि केवळ तेवढ्याने त्या टिप्पण्यांचे अखेरचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी वाढले. पहिल्या माणसाचे मत दुसऱ्याच्या जिभेवर असे बसते. त्यात खोट्या मतांचा बाजार मिसळला की परिस्थिती आणखी बिघडते. चीनने अनुचित स्पर्धाविरोधी कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांविषयी खोटा प्रचार करण्यास स्पष्ट मनाई केली आणि 1 जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या ई-व्यापार कायद्याने गिऱ्हाइकांची मते पुसून टाकण्यास मंचचालकांना बंदी केली, याचा अर्थ दोन्ही दोष कायद्याने दखल घेण्याइतके मोठे होते. तेव्हा लिखित मतांचा उपयोग मान्य करूनही त्यांचे आजचे रूप मान्य करता येत नाही.

मत कोणाचे ग्राह्य धरावे, या प्रश्नाचा विचार चीनमध्ये आणि भारतातही फार पूर्वी झालेला आहे. अठराव्या शतकातील कवी आणि खवय्या युआन मेई याने नानजिंगमधील आपल्या बागेत राहून लिहिलेल्या ‘सुईयुआन शिदान’ या 1792 सालच्या पाकग्रंथात स्वयंपाक्याने आणि यजमानाने टाळायच्या दोषांची एक यादी दिली आहे, आणि तीत कानाने जेवणे व डोळ्याने जेवणे असे दोन दोष सांगितले आहेत. पदार्थाच्या केवळ लौकिकावर आणि महागड्या जिनसांच्या नावावर भाळणे हा कानाचा दोष; ताटात किती गोष्टी मांडल्या आहेत यावर भाळणे हा डोळ्याचा. आजच्या गिऱ्हाइकाचे वर्तन या दोन दोषांत जवळजवळ पूर्ण बसते. तो ताऱ्यांची संख्या ऐकून येतो आणि छायाचित्र काढून जातो, आणि या दोन क्रियांच्या मध्ये तळ मऊ पडण्याइतका वेळ निघून जातो. युआन मेईला चवीची परीक्षा हवी होती, आणि तिच्यासाठी जिभेला वेळ व सराव दोन्ही लागतात हे तो जाणत होता.

भारतीय परंपरेत हाच विचार अधिक खोलवर गेला. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप समजावताना दृष्टांत भोजनाचा दिला आहे. निरनिराळ्या व्यंजनांनी संस्कारित अन्न खाताना सुमनस पुरुष रसांचा आस्वाद घेतात, तसा प्रेक्षक नाट्याचा घेतो. या दृष्टांतात अन्नाबरोबर खाणाऱ्याच्या मनाचीही अट आहे. रस केवळ ताटात नसतो, तो घेण्याची तयारी असलेल्या माणसाच्या ठायी प्रकट होतो. पुढे काव्यशास्त्राने याच माणसाला सहृदय म्हटले आणि अभिनवगुप्ताने काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो तो सहृदय, असे त्याचे लक्षण सांगितले. या विचाराचा अर्थ ज्याने आयुष्यभर उंची खाणे खाल्ले त्याचेच मत खरे असा घेण्याचे कारण नाही. शंगजियानचा सहृदय हा बहुधा गरीबच असतो. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी एक ल्यांग शंगजियान आणि वाडगाभर करी पूड घातलेले गोमांसाचे पातळ सूप घेणारा कामगार, किंवा चाळीस वर्षे एकाच गल्लीत राहणारी म्हातारी, यांना पीठ आज कमी फुगले आहे हे पहिल्या घासात कळते, कारण कालचा आणि परवाचा घास त्यांच्या जिभेवर आहे.

आणि नेमका हाच माणूस मत लिहीत नाही. त्याला लिहिण्याचे कारण नसते. उद्या पुन्हा येणे हेच त्याचे मत असते, आणि पीठ बिघडले तर तो तोंडावर सांगतो, म्हणजे ते सुधारूही शकते. लिहितो तो बहुधा एकदाच आलेला, फार खूश झालेला किंवा फार चिडलेला. ज्याचा अनुभव सर्वांत मोठा त्याचे मत शून्य वजनाचे आणि ज्याचा अनुभव एका घाण्याचा त्याचे मत पूर्ण वजनाचे, अशी ही उलटी तराजू आहे. अलीकडे चीनमधील पुष्कळ तरुण मुद्दाम साडेतीन गुणांच्या खाद्यगृहांकडे वळू लागले, कारण तिथे मते विकत घेतलेली नसतात आणि शेजारपाजारचे लोक खाताना दिसतात, असा त्यांचा अनुभव होता. या घडामोडीत उलट्या तराजूची जाणीव सामान्य खाणाऱ्यालाही झाल्याचा पुरावा दिसतो.

स्तुतीही निर्धोक नसते, हे शांघायच्याच एका उदाहरणावरून दिसते. ‘आ दा’ या नावाने ओळखले जाणारे कांद्याच्या पातीच्या पोळ्यांचे एक घरगुती दुकान अनेक दशके गल्लीत चालले होते आणि बीबीसीच्या एका माहितीपटामुळे ते जगभर पोहोचले. 2016 साली, परवाना नाही या कारणाने ते बंद करण्यात आले. लोकांत मोठी हळहळ व्यक्त झाली आणि मग जवळच, रीतसर परवान्यासह ते पुन्हा उघडले. त्याच वर्षी चीनच्या मुख्य भूमीवरची पहिली मिशेलिन मार्गदर्शिका शांघायसाठी निघाली. ही फ्रेंच मार्गदर्शिका नाव न सांगता जेवून जाणाऱ्या निरीक्षकांच्या मतांवर चालते आणि तिच्यात 1997 पासून माफक दरातील चांगल्या खाद्यगृहांसाठी स्वतंत्र सूची आहे. निरीक्षकाकडे सराव असतो आणि तो एकाहून अधिक वेळा जाऊ शकतो, ही गर्दीच्या मताहून चांगली बाजू. पण तोही बाहेरचाच असतो आणि त्याच्या एका वाक्याने दारात उभी राहणारी रांग रोजच्या गिऱ्हाइकाला हुसकावते. म्हणजे गर्दीच्या जागी तज्ज्ञ आणून प्रश्न सुटत नाही. प्रश्न मत कोण देतो एवढाच नसून ते मत कोणत्या गोष्टीविषयी आहे आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे आहे हा आहे.

भारतात, आणि म्हणून मुंबई-पुण्यातही, हा प्रश्न परका राहिलेला नाही. मोमोच्या गाड्या या शहरांच्या चौकाचौकांत उभ्या राहिल्या आहेत. वाफवलेला, तळलेला आणि तव्यावर खरपूस केलेला असे त्याचे प्रकार एकाच गाडीवर मिळतात आणि त्या गाडीलाही तारे मिळतात. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये गिऱ्हाइकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस 19000:2022’ हे ऐच्छिक मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणारा खरा आहे का आणि अभिप्राय विकत घेतलेला आहे का, यावर त्याचा भर आहे, आणि तो आवश्यकच आहे. मात्र खऱ्या माणसाने दिलेले प्रामाणिक मतही चुकीच्या खात्यात जमा होऊ शकते, या दोषावर त्यात उपाय नाही. तो उपाय दुसऱ्या कायद्यात अर्धवट पडून आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणाऱ्या 2014 च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमून विक्रीसाठी जागा ठरवण्याची आणि तिथे नागरी सोयी पुरवण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. अन्नसुरक्षेच्या 2006 च्या कायद्याने लहान विक्रेत्याच्या नोंदणीची आणि तपासणीची व्यवस्था केली आहे. नळ, निचरा, सावली आणि कचरापेटी यांचे गुण महापालिकेला द्यावेत, तेलाच्या व पाण्याच्या तपासणीचा निकाल अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने गाडीवर लावावा, आणि गिऱ्हाइकाने फक्त चवीविषयी व व्यवहाराच्या सचोटीविषयी बोलावे, अशी विभागणी या दोन कायद्यांच्या आधारे आजही करता येण्याजोगी आहे. मते गोळा करणाऱ्या मंचांनी रस्त्यावरच्या गाड्यांसाठी वातावरणाचे सदर काढून टाकावे आणि एकत्रित सरासरी दाखवणे बंद करावे. त्याऐवजी कोणत्या वेळी खाल्ले, तव्यावरून खाल्ले की बांधून नेले, आणि पहिल्यांदा की नेहमी, या तीन गोष्टी मतासोबत विचाराव्यात.

मंच हे करतील तेव्हा करतील. तोपर्यंत वाचकाने गाडीवरच्या पदार्थाविषयी लिहिताना या तीन गोष्टी स्वतःहून लिहाव्यात, रस्त्याची तक्रार प्रभाग कार्यालयात करावी, आणि पदार्थ आवडला नाही तर तो ज्या पद्धतीचा आहे ती पद्धतच आपल्याला आवडत नाही की हा घाणा बिघडला होता, हे गाडीवाल्याला विचारून मगच तारे द्यावेत.